नात्याबाहेरचं रक्त

मुलाचा रिपोर्ट वाचून झाल्यावर डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो मुलाबद्दल नव्हता.

"याला भावंडं किती?"

"एक मोठी बहीण. बारावीला आहे. तिला काही नाही."

"काही नाही, हे आपल्याला तपासून ठरवावं लागेल," त्या म्हणाल्या.

मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात डिस्पॅच सांभाळते. कुठला माल कुठल्या गाडीत, कोणाचं चलान राहिलं, कोणाची सही राहिली, हे दिवसभर कागदावर मांडणं हेच माझं काम. घरीही मी तशीच. फ्रिजवर यादी, कपाटाच्या दाराला आतून यादी. नवरा म्हणतो, तू स्वप्नंसुद्धा नंबर घालून बघत असशील. त्या दिवशीही मी सवयीने कागद काढला, 'एक' असा आकडा घातला, आणि त्याच्यापुढे काय लिहायचं ते सुचेना. नुसता आकडा लिहिलेला कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला.

मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा होता. बरेच महिने त्याच्या अंगावर काळेनिळे डाग उठत होते. खेळतो, पडतो, असं आम्ही धरून चाललो होतो. मग एकदा नाकातून रक्त यायला लागलं ते थांबेचना. रक्त तपासलं तर लाल पेशी कमी, पांढऱ्या कमी, प्लेटलेट तर फारच कमी. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं, तिथे कमरेच्या हाडातून मज्जा काढून बघितली. जिथे रक्त तयार होतं ती जागाच ओस पडत चालली होती. पुढच्या खेपेला या डॉक्टरबाईंनी त्याचा उजवा अंगठा स्वतःच्या हातात घेतला. तो जन्मापासून बारीक आहे. पाठीवरचे चहाच्या रंगाचे चट्टे पाहिले, उंची मोजली, आणि एक वेगळी चाचणी लिहून दिली. तिचाच हा रिपोर्ट.

त्या अंगठ्याचं कारण आमच्या घरात कधीच ठरलेलं होतं. मी पोटुशी असताना ग्रहणात कोलंबी सोलायला बसले, म्हणून. हे आत्याचं म्हणणं. आत्या म्हणजे माझी सासू, माझ्या वडिलांची सख्खी बहीण. माझं माहेर डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या पुढे खाडीकाठी. सासर ठाण्याच्या कोळीवाड्यात. दोन्ही घरांत म्हातारे आजोबा एकच. मामाची मुलगी करणं आमच्याकडे मानाचं. बाहेरची आणली तर लोक विचारतात, घरातली काय वाईट होती?

डॉक्टरबाईंनी तेही विचारलं. "लग्न नात्यात झालंय का?"

"हो. हे माझे आतेभाऊ."

नवरा उगाच हसला, पाहुण्यांसमोर हसतो तसा. बाई हसल्या नाहीत. त्यांनी रिपोर्टच्या मागे एक चौकोन काढला, तो आमचा आजोबा. त्याच्याखाली रेघा ओढत आमच्यापर्यंत आल्या. मग सावकाश समजावलं. शरीराच्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रं असतात, त्यांना रोज कुठे ना कुठे इजा होते, आणि पेशी ती स्वतःच सांधते. हे सांधकाम कसं करायचं याची सूचना आपल्याला आईकडून एक आणि वडिलांकडून एक मिळते. एक बिघडलेली असली तरी दुसरीवर काम चालतं. आम्हा दोघांकडे एकेक बिघडलेली होती, बहुतेक त्या एकाच आजोबाकडून आलेली. मुलाच्या वाट्याला दोन्ही बिघडलेल्याच आल्या. त्याची गुणसूत्रं तुटतात आणि सांधली जात नाहीत. किंवा भलत्याच तुकड्याला भलता तुकडा चिकटतो. मज्जेचं काम सतत चालू, म्हणून तीच आधी थकते. पुढे त्यातून कॅन्सरही होऊ शकतो.

"प्रत्येक मुलाच्या वेळी चारात एक, अशी शक्यता असते," त्या म्हणाल्या. "आणि काही मुलं मोठी होईपर्यंत अगदी ठणठणीत दिसतात. अंगठा नीट, उंची नीट, सगळं नीट."

म्हणजे माझी मुलगी.

त्या आजाराला कोणा परक्या डॉक्टरचं नाव आहे. आत्याला ते काही केल्या म्हणता आलं नाही. तिने त्याला 'तुटायचा आजार' असं नाव ठेवलं आणि मग घरात सगळे तेच म्हणू लागले. मी तिला तिच्या भाषेत सांगायचा प्रयत्न केला होता. म्हटलं, जाळं रोजच फाटतं ना आत्या? ते फाटतं म्हणून कोणी धंदा सोडत नाही, संध्याकाळी बसून सांधतात. याच्या अंगात सांधणारा माणूसच नाही.

आत्या बराच वेळ पाटीतले बोंबील निवडत राहिली. मग म्हणाली, "मंग दुसऱ्याचा मानूस आना."

डॉक्टरांचाही उपाय तोच होता. दुसऱ्याची मज्जा. सख्ख्या बहिणीची जुळली तर सगळ्यात उत्तम. म्हणून आधी जुळते का ते पाहिलं आणि मुलीची पूर्ण जुळली. त्या दिवशी नवऱ्याने स्टेशनजवळून पेढे आणले. आत्याने नातीची दृष्ट काढली. मीही एक पेढा खाल्ला. पण मला पुढचं माहीत होतं, कारण फोनवर बाई माझ्याशी बोलल्या होत्या. मज्जा जुळली म्हणजे ती निरोगी आहे असं नाही. तिच्यातही तोच आजार लपलेला असेल तर तिची मज्जा त्याला देऊन काही उपयोग नाही. मग मुलाला देणारं कोणी नाही, आणि रांगेत आजारी मूल एकाऐवजी दोन. तीच तुटायची चाचणी मुलीचीही करायची होती.

चाचणीची तारीख मिळेपर्यंत मी मुलीच्या अंगावर खुणा शोधत होते. तिचे केस विंचरायचं मी ती आठवीत गेल्यावर सोडलं होतं, ते पुन्हा सुरू केलं. मानेवर केसांखाली काही आहे का? कपडे वाळत घालताना तिच्या ड्रेसवर रक्ताचा डाग आहे का? तिची पाळी जास्त दिवस चालते का? दंडावर एक निळसर खूण दिसली तेव्हा मी सहज विचारल्यासारखं विचारलं. ती खूण कॉलेजच्या बाकाची निघाली. तिची पाठ मला बघायची होती, तर मी म्हटलं, थांब, घामोळ्याची पावडर लावते.

"आई," ती माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "बघायचं तर सरळ बघ ना. चोरून काय बघतेस?"

तिने स्वतःच कुर्ता वर केला. कमरेच्या जरा वर, डाव्या बाजूला, एक चहाच्या रंगाचा डाग होता. करंगळीच्या नखाएवढा.

"हा लहानपणापासून आहे," ती म्हणाली. "मी पण आरशात बघितला. एक डाग कोणालाही असतो, मी वाचलंय."

"असतो," मी म्हटलं. पावडर लावली. मग मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिले.

चाचणीसाठी नुसतं मुलीचं रक्त पुरत नव्हतं. तिच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या, त्यांच्यात गुणसूत्रांना इजा करणारं औषध घालायचं आणि किती तुटतात ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं. पण किती म्हणजे जास्त, हे कळायला एका निरोगी बाईचं रक्त त्याच दिवशी, त्याच औषधाखाली लागतं. तिला ते कंट्रोल म्हणतात. अटी दोन. तंबाखू चालणार नाही, आणि रक्ताचं नातं असता कामा नये.

संध्याकाळी मी आणि नवरा कागद घेऊन बसलो.

"शेजारची?" मी म्हटलं.

"ती माझ्या मावसभावाची बायको."

"बायको चालते रे. रक्ताची नाही ना."

"अगं पण ती तुझ्या चुलतआजोबांची नात."

"मग कोपऱ्यावरची?"

"ती मिश्री लावते."

"तिची सून?"

"सून तुमच्याच डोंबिवलीची. तूच जमवलंस ते लग्न."

आम्ही गल्लीच्या टोकापर्यंत गेलो. एकेक नाव खोडत गेलो तेव्हा आधी हसू येत होतं, मग येईना. अख्ख्या गल्लीत आमच्याशी रक्ताने न जोडलेली, मिश्री न लावणारी एक बाई मिळेना. त्या प्रत्येक घरात तो आजोबा थोडाथोडा बसलेला मला दिसायला लागला.

शेवटी माझ्या मैत्रिणीला विचारलं. ती आमच्याच कारखान्यात पॅकिंगला आहे, दिवा स्टेशनजवळ राहते, कित्येक वर्षं आम्ही एका डब्यात जेवतो. बुद्धपौर्णिमेला तिच्या खिरीतला माझा वाटा ठरलेला. तिला वाटलं मी रजेसाठी बदली मागतेय.

"रक्त? एवढंच?" ती म्हणाली. "घे की. पण मला लिहून पाहिजे हां, मी नॉर्मल आहे असं. नवऱ्याला फ्रेम करून देते."

चाचणीच्या दिवशीच मुलीची सीईटी आली, सेंटर कल्याणला. तारीख बदलली तर पुढची कधी मिळेल सांगता येत नव्हतं, आणि मुलाला आता दर थोड्या दिवसांनी रक्त चढवावं लागत होतं. थांबणं त्याला परवडणारं नव्हतं. हॉस्पिटलने मार्ग काढला. त्यांच्या हिरव्या टोपणाच्या नळ्या आधी घेऊन जा, सकाळी ठाण्यातच रक्त काढून घ्या, आणि तासाभरात आमच्याकडे पोचवा. पेशी जिवंत पोचल्या पाहिजेत. उन्हात तापू देऊ नका. मी नवऱ्याला यादी करून दिली. त्यात मी स्वच्छ लिहिलं होतं, 'ऊन लागू देऊ नये'.

सकाळी दोघींचं रक्त काढलं. मी मुलीला घेऊन कल्याणला गेले, मैत्रीण कामावर गेली, नवरा नळ्या घेऊन मोटरसायकलवर निघाला. मे महिना होता. सेंटरच्या बाहेर पालक झाडाखाली बसले होते आणि आपापल्या मुलांच्या मार्कांची काळजी करत होते. मी त्यांचं बोलणं ऐकत होते आणि मला त्यांचा हेवा वाटत होता. मुलगी बाहेर आली, म्हणाली, फिजिक्स बरं गेलं. नवऱ्याचा फोन आला, पोचवलं, पावती घेतली. मी दोन्हींवर टिक केली.

आठवड्याभराने प्रयोगशाळेतून फोन आला तेव्हा मी गाडी भरून घेत होते.

"तुमच्या मुलीच्या पेशी वाढल्याच नाहीत," पलीकडचा आवाज म्हणाला.

"म्हणजे?"

"कल्चर फेल गेलं. काहीच वाढ नाही."

माझ्या समोर खोके चढत होते, हमाल मोठ्याने आकडे सांगत होता, आणि मला त्यातला एकही आकडा ऐकू येत नव्हता. मुलाच्या वेळी त्याच्या पेशी निदान वाढल्या तरी होत्या, मग तुटल्या. हिच्या वाढल्यासुद्धा नाहीत. म्हणजे हिचं त्याच्यापेक्षा वाईट आहे, असंच मी धरलं. मी तिथेच एका खोक्यावर बसले. मैत्रीण धावत आली, तिने माझ्या हातातून फोन घेतला.

"आणि माझं?" तिने विचारलं. "अहो, कंट्रोल, कंट्रोल. मी कंट्रोल बोलतेय."

थोडा वेळ ती ऐकत राहिली. मग फोनवर हात ठेवून मला म्हणाली, "ऐक. माझ्या पण नाही वाढल्या. दोन्ही नळ्या मेलेल्या आल्या. रक्तातल्या पेशी फुटलेल्या होत्या म्हणतात, गारठल्यासारख्या. कशात आणलं विचारतायत."

संध्याकाळी मी नवऱ्याला विचारलं, नळ्या कशात नेल्या?

"डब्यात," तो म्हणाला. "थर्माकोलच्या. घरी थांबलो होतो दोन मिनिटं, हेल्मेट घ्यायला. आईने नीट बांधून दिलं."

आत्या दारात बसली होती. तिने मान वर केली. "मी दिला बांदून. उनात चालवलेलं तसंच. बरफ फोडला, वरून खडं मीठ टाकला, म्हंजे अजून गार होतं. मुंबैपरत ताजा जायला पायजे ना गो?"

जन्मभर तिने ताजं ते असंच ठेवलं होतं. पापलेट, सुरमई, कोलंबी, सगळं असंच मुंबईला गेलं आणि ताजं पोचलं. मी लिहिलेल्या यादीत ऊन होतं, बर्फ नव्हता. बर्फ लिहायला हवा असं कोणाच्या मनात येईल?

"आत्या," मी म्हटलं, "ते जिवंत ठेवायचं होतं."

तिला कळायला एक क्षण लागला. बर्फात घालतात ते मेलेलं असतं. तिचा चेहरा उतरला. कोणी तिला काही बोललं नाही, पण त्या रात्री ती जेवली नाही, आणि नातीने ताट नेऊन दिलं तेव्हा तिने तिचा हात धरून ठेवला, सोडेना.

दुसऱ्यांदा आम्ही सगळे हॉस्पिटलातच गेलो. आत्या हट्टाने आली. मैत्रिणीने पुन्हा रजा टाकली, वर म्हणाली, "एकदा मेले, आता दुसऱ्यांदा जिवंत करून दाखवा मला." रक्त काढून नळ्या आत गेल्या तशी आत्या प्रयोगशाळेच्या खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

"भाऊ, बरफात नाय ना ठेवत?"

"नाही आजी. उबेत ठेवतो. अंगात असते ना, तेवढ्याच उबेत."

"आनि मंग औशद घालता?"

"मग घालतो."

"किती घालता? लय नको घालू हां, पोर हाय ती."

आतला माणूस हसला नाही, याबद्दल मी त्याची आभारी आहे. त्याने सांगितलं, औषध नळीत, तिच्या अंगात नाही. आत्याने मान हलवली, पण घरी येईपर्यंत ती नातीच्या कपाळाला मधूनमधून हात लावून बघत होती.

पुढच्या दिवसांत घरात कोणी त्या विषयावर बोललं नाही. मुलाच्या हिरड्यांतून रक्त यायचं, मी मऊ ब्रश आणला. मुलगी निकालाची वाट बघत होती, कुठल्या निकालाची ते आम्ही बोलत नव्हतो. मी काम करत होते, डबे भरत होते, आणि एक गोष्ट मनात पुन्हापुन्हा यायची. तिचं वाईट निघालं तर मला दोन्ही मुलांच्या उशाशी एकाच वेळी बसता येणार नाही.

रिपोर्ट घ्यायला मी आणि मुलगी गेलो. ती म्हणाली, मी येणारच. बाईंनी आम्हाला आत बोलावलं आणि बसायच्या आधीच सांगून टाकलं, "हिची गुणसूत्रं तुमच्या मैत्रिणीइतकीच टिकली. हिला आजार नाही. ही देऊ शकते."

मी "बरं" म्हणाले. ऑफिसात माल पोचला असं कळल्यावर म्हणते तसंच. मग विचारलं, पुढे काय काय करायचं? बाई सांगत गेल्या. बाहेर व्हरांड्यात आल्यावर मुलगी भिंतीला टेकली आणि रडायला लागली, तोंडावर ओढणी धरून.

"काय झालं? सुटलीस ना?"

"आई, मी रोज माझंच मागत होते. त्याच्यासाठी एकदापण नाही. मला होऊ नये, मला होऊ नये, एवढंच."

तिथे माणसं येत-जात होती, स्ट्रेचर जात होतं. मी तिला बाजूला घेतलं.

"मी दोघांचं मागत होते," मी म्हटलं. "तुझं मागायला कोणीतरी पूर्णवेळ हवंच होतं. नाक पूस."

ती हसली की हुंदका दिला ते कळलं नाही. परतताना टॅक्सीत ती माझ्या खांद्यावर झोपली आणि मी बाईंनी सांगितलेलं मनात पुन्हा मांडत राहिले. मज्जा देण्याआधी मुलाची उरलीसुरली मज्जा औषधाने रिकामी करावी लागते. इतरांना देतात तेवढं औषध याला देता येत नाही. चाचणीत वापरतात त्याच जातीचं ते आहे, याच्या पेशी ते सोसत नाहीत, म्हणून अगदी थोडं द्यायचं, आणि थोडंही जास्त होऊ शकतं. आणि सगळं नीट झालं तरी बरं होणार ते फक्त रक्त. तोंड, घसा, कातडी, बाकीचं सगळं शरीर तसंच तुटणारं राहणार. तिथे पुढे कॅन्सर उगवतोय का, हे जन्मभर बघत राहायचं.

घरी मुलगा पाय दुमडून टीव्ही बघत बसला होता. ताईचं जुळलं आणि ताई ठीक आहे, हे मी त्याला सांगितलं. त्याने आवाज कमी केला.

"मग ताईचं रक्त माझ्यात बनणार?"

"हो."

"मुलीचं रक्त?"

"तपासलं तर मुलीचंच दिसेल, असं डॉक्टर म्हणाल्या."

"ई!" तो बहिणीकडे बघून ओरडला. "मी शॉपिंगला नाही येणार हां आधीच सांगतो."

"तुला नेतंय कोण, बुटक्या?" ती म्हणाली. डोळे अजून लाल होते.

आत्या हसली, कितीतरी दिवसांनी. मुलगा थोडा वेळ त्याच्या बारीक अंगठ्याने रिमोटची बटणं चाचपत राहिला. मग माझ्याकडे वळला.

"पण रक्त सोडून बाकीचा मी मीच राहणार ना? तसाच?"

त्याला खरोखर तीच काळजी होती. सगळे माझ्याकडे बघत होते. मला डॉक्टरबाईंचे शब्द ऐकू येत होते, तोंड, घसा, कातडी.

"हो," मी म्हटलं. "बाकीचा तू तसाच राहणार."

"मग ठीक आहे," तो म्हणाला, आणि त्याने टीव्हीचा आवाज वाढवला.